कटिंग नाही

बायबलं माझ्याकडे येतात ती नोव्हेंबरात. नाताळ महिन्यावर आला की घर झाडताना ते कुणाच्या तरी हाताला लागतं, पाठ निखळलेली दिसते आणि मग औरंगपुऱ्यातला बाइंडर आठवतो. साडीच्या दुकानाच्या पिशवीत येतं, टॉवेलात गुंडाळून येतं, एकदा तर कुकरच्या खोक्यात आलं होतं. पिशवी काउंटरवर ठेवता ठेवता बहुतेकांचं वाक्य ठरलेलं असतं, "नवं घेता येतं हो, पण हे आईचं आहे." आईचं, आजीचं, अण्णांचं. स्वतःचं बायबल दुरुस्तीला आणणारे थोडे. स्वतःचं फाटत आलेलं माणसाला दिसत नाही.

पैशांचं बोलण्याआधी मी एक गोष्ट करतो. पुस्तक पाठीवर उभं धरतो आणि दोन्ही हात सोडतो. कुठं उघडतंय ते बघायचं. गिऱ्हाइकाला वाटतं बाइंडर काहीतरी शकुन बघतोय. शकुन नाही, तपासणी आहे. जिथं पुस्तक रोज उघडलं जातं तिथं पाठीवरचा सरस आधी तडकतो, टाका सैल होतो, पान मऊ पडतं. डॉक्टर छातीवर नळी ठेवतो तसंच हे.

पण बायबलाला एकदा सोडून कळत नाही. दीडशे स्तोत्रांची स्तोत्रसंहिता येते जवळपास पुस्तकाच्या मध्यावर, त्यामुळे कुठलंही बायबल पहिल्या खेपेला तिथंच उघडतं. तो वजनाचा खेळ. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला खरं काय ते दिसतं. आणि त्याहून खरं दिसतं मिटलेल्या पुस्तकाच्या कडेवर. बोटांच्या तेलानं, घामानं, चुलीच्या धुरानं पानांच्या कडा काळवंडतात आणि कडेवर पट्टे उमटतात. मत्तय काळा, योहान त्याहून काळा. लेवीय आणि गणना ही पुस्तकं मात्र मी आजवर बघितलेल्या जवळपास प्रत्येक बायबलात कोरी करकरीत, जशी छापखान्यातून आली तशी. देवाधर्मातसुद्धा माणूस कंटाळवाणी पानं गाळतो, हे बघून मला बरं वाटतं. एका म्हाताऱ्या गृहस्थांच्या बायबलात हबक्कूक तेवढा मळलेला होता. तीन अध्यायांचं इवलंसं पुस्तक. का, ते मी विचारलं नाही. विचारायचं नसतं.

मी स्वतः ख्रिस्ती नाही. घर वारकऱ्यांचं. आजोबांच्या ज्ञानेश्वरीची पानं सुटली म्हणून वडील ती बांधून घ्यायला जुन्या बाजारात गेले, बरोबर मी होतो, आणि ज्या उस्तादांनी ती बांधली त्यांच्याच दुकानात पुढं दहावी नापास होऊन मी कामाला बसलो. उस्तादांनी निजामाच्या काळातल्या कचेऱ्यांच्या उर्दू वह्या बांधलेल्या, कुराणं बांधलेली. शिकवणं असं काही नव्हतं. "पहले हाथ धो, फिर किताब कू हाथ लगा," एवढंच रोज सकाळी. लेई कशी शिजवायची, तिला बुरशी लागू नये म्हणून मोरचूद किती चिमटी टाकायचा, दोऱ्याला मेण किती लावायचं, हे बघून बघून शिकायचं. जुजबंदी म्हणजे घडीघडीनं शिवण. एकेका जुजाच्या पोटातून दोरा काढून तो शेजारच्या जुजाला अडकवत जायचं. हे काम येणारी माणसं शहरात आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. बाकी सगळीकडे पाठ कापायची, गरम गोंद ओतायचा, मोकळं.

पोट चालतं ते थिसिसांवर. काळं किंवा मरून रेक्झिन, वर सोनेरी अक्षरं, खाली विद्यापीठाचं नाव. पाच प्रती. १९५८ साली इथं विद्यापीठ झालं आणि बाइंडरांची सोय झाली, असं उस्ताद म्हणायचे. थिसिसांबद्दल वाईट बोलू नये, त्यांच्यावर माझ्या मुली शिकल्या. पण एवढं सांगतो की कपाटात पंधरा वर्षं राहिलेला थिसिस वाळवी लागली म्हणून परत येतो तेव्हा त्याची पाठ पहिल्यांदा मीच तडकवतो. वाळवीनं वाचलेला असतो तेवढाच. त्यातून उठून एखादं बायबल हातात घेतलं की वापरलेलं पुस्तक म्हणजे काय ते कळतं.

आता माझी चूक सांगतो.

उस्ताद गेल्यानंतर मी औरंगपुऱ्यात स्वतःचं दुकान थाटलं त्याला दोन-तीन वर्षं झाली असतील. नवीन कटिंग मशीन घेतलं होतं, हप्ते चालू होते, आणि नवं मशीन असलं की माणसाला सगळंच कापावंसं वाटतं. छावणीतून एक निवृत्त मास्तर आले. पांढरा सदरा, हातात काठी, बोलणं हळू. त्यांच्या आईचं बायबल होतं. जुनं, जाड, मोठ्या टायपातलं. पाठ गेलेली, पानांच्या कडा चुरडलेल्या, कोपऱ्यांचे कान झालेले. मास्तर म्हणाले, "व्यवस्थित करून द्या." मी व्यवस्थित केलं. जुजं सोडवली, फाटक्या घड्यांना पट्ट्या लावल्या, शिवलं, दाबात घातलं आणि शेवटी तिन्ही बाजूंनी दोन-तीन सूत कटिंग मारलं. कडा अशा सरळ झाल्या की हात फिरवत राहावं. निळं बक्रम चढवलं.

मास्तर घ्यायला आले. चष्मा काढून पुसला, परत लावला, आणि पुस्तक उघडून समासावरून बोट खाली नेत राहिले. मग म्हणाले, "कडेचं कुठं गेलं?"

मला कळेना. त्यांनी पान माझ्याकडे वळवलं. समासात पेन्सिलीची बारीक अक्षरं होती आणि ती कडेला येऊन तुटलेली होती. 'लासू'. 'गंगाप'. 'शेंदुरव'. खाली तारीख, तिचं वर्ष कापलेलं. शिवताना ती मला दिसली होती, खोटं कशाला बोलू. पण पुस्तकावर पेन्सिलीनं गिचमिड केलेली म्हणजे घाण, एवढंच माझ्या डोक्यात.

मास्तरांची आई बायबलबाई होती. हा शब्द मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. मिशननं पगारावर ठेवलेल्या बाया असत, गावोगाव जाऊन बायकांत बसायच्या, वाचून दाखवायच्या, अक्षरओळख करून द्यायच्या, बाळंतिणीला काय द्यावं ते सांगायच्या. पुरुष उपदेशकाला जिथं ओसरीच्या पुढे जाता येत नसे तिथं ह्या चुलीपर्यंत जात. मास्तरांची आई गंगापूर तालुक्यात पायी हिंडलेली. ज्या गावात जो भाग वाचला त्या भागाच्या समासात गावाचं नाव आणि तारीख लिहायची तिची सवय. कुणी रडलं तर एक टिंब. दोन टिंबं म्हणजे काय ते मास्तरांनाही ठाऊक नव्हतं. दुसरी डायरी तिनं कधी ठेवली नाही. सगळी पायपीट त्या समासात होती आणि ती मी दोन-तीन सूत मारली होती.

मास्तर ओरडले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "कात्रण टाकलं का?"

कात्रणाचं पोतं रद्दीवाला शनिवारी नेतो. वार गुरुवार होता. पोतं ओतलं. थिसिसांची पांढरी कात्रणं, लग्नपत्रिकांची रंगीत, पावतीपुस्तकांची गुलाबी आणि त्यात बायबलाची पिवळट. रंगानं ओळखू येत होती तेवढं एक बरं. मास्तर काठी बाजूला ठेवून फरशीवर बसले, मीही बसलो. दुकान बंद होईतो आम्ही दोन-तीन सूत रुंदीच्या पट्ट्या निवडत होतो. 'र'. 'ूर'. 'ादा'. एका पट्टीवर नुसती वेलांटी. कुठल्या पानाची कुठली ते जुळवणं शक्यच नव्हतं. जमतील तेवढ्या एका लिफाफ्यात घातल्या आणि मागच्या पुठ्ठ्याच्या आतल्या अंगाला कप्पा करून तो लिफाफा त्यात बसवून दिला. मजुरी त्यांनी दिली. मी नको म्हणालो तर म्हणाले, "शिवण चांगली झाली आहे."

त्या दिवसापासून माझ्याकडे बायबल आलं की कामाच्या चिठ्ठीवर पहिली ओळ तांबड्या पेननं मीच लिहितो, 'कटिंग नाही'. दुकानातल्या पोराला वाटतं हा बायबलाचा काही नियम असावा.

मास्तर पुढं अधूनमधून येत राहिले. काम नसतानाही. इतिहासाचे शिक्षक, बोलायला कुणीतरी हवं असायचं, आणि शिवताना माझे कान मोकळे असतात. ह्या शहरात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात चर्च मिशनरी सोसायटीचे रेव्हरंड रतनजी नवरोजी होते, आणि ते जन्मानं पारशी होते, हे मला त्यांनीच सांगितलं. पारशी माणूस निजामाच्या मुलखात मराठीतून ख्रिस्त सांगतोय, ह्या गोष्टीचं मास्तरांना फार कौतुक. तिकडं जालन्याजवळ बेथेल वसवलं ते नारायण शेषाद्रींनी, १८४३ साली बाप्तिस्मा घेतलेले ब्राह्मण, स्कॉटिश मिशनचे. "आमच्या धर्माला इंग्रजांचा धर्म म्हणतात," मास्तर हसायचे, "आणि इथं सांगायला आले कोण? एक पारशी न् एक देशस्थ."

ना. वा. टिळकांची गोष्टही त्यांचीच लाडकी. १८९३ साली टिळक आगगाडीनं राजनांदगावला निघालेले, डब्यात एक गोरा गृहस्थ भेटला, बोलणं झालं, आणि उतरताना त्यानं नवा करार हातात ठेवला. दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असंही म्हणाला म्हणे. १८९५ साली टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंनी 'स्मृतिचित्रे'त पुढचं सगळं लिहिलंय, मास्तरांच्या आग्रहावरून मी ते वाचलं. मला त्या गोष्टीत वेगळाच प्रश्न पडायचा आणि तो मी मास्तरांना विचारला, की ते पुस्तक पुढं कुठं गेलं? कुणी बांधलं असेल का? मास्तर म्हणाले, "तुम्ही बाइंडरच."

असेन. पण पुस्तक हाती येतं त्यात मजकूर एक आणि वस्तू एक, अशा दोन गोष्टी असतात, आणि माझा संबंध दुसरीशी. एकदा रमाबाईंचं बायबल दुकानात आलं, म्हणजे पंडिता रमाबाईंनी केलेल्या भाषांतराची प्रत. त्यांनी त्यासाठी हिब्रू आणि ग्रीक शिकून घेतलं, कितीतरी वर्षं घालवली, आणि खिळे जुळवण्यापासून छापण्यापर्यंतचं काम केडगावच्या मुक्ती मिशनमधल्या बायकांनी केलं. दुष्काळातून आलेल्या, घरातून टाकलेल्या, केस उतरवलेल्या बायका. ५ एप्रिल १९२२ ला रमाबाई गेल्या, काम उरकूनच गेल्या म्हणतात, आणि अख्खं बायबल बाहेर आलं १९२४ मध्ये. ती प्रत हातात घेतल्यावर मी भाषांतर वाचलं नाही. छपाईचा दाब बघितला. कागदाच्या मागच्या अंगानं बोट फिरवलं की प्रत्येक अक्षराचा फुगवटा लागत होता. कुणीतरी मनगटाच्या जोरानं ओढलेला दाब. त्या प्रतीचं काम मी तीन आठवडे लांबवलं, उगाच.

जुन्या मराठी बायबलांचा कागद बाइंडरला मानवतो. जाड असतो, सुईला धरतो. अलीकडच्या बायबलांचा कागद कांद्याच्या पापुद्र्यासारखा. त्याला पाण्याची लेई लागली की सुरकुतलाच. तिथं लेई कोरडी ठेवायची, ब्रश नाही, बोटानं, आणि फाटलेल्या ठिकाणी लांब धाग्याचा जपानी टिश्यू. पुस्तीला, म्हणजे पुठ्ठ्याच्या आतल्या कोऱ्या पानाला, मी कागजीपुऱ्याचा हातकागद वापरतो. दौलताबादहून खुलताबादकडे जाताना लागतं ते गाव. तुघलकाच्या वेळेपासून तिथं कागद होतो असं सांगतात. चिंध्यांचा लगदा, महाग पडतो, पण शंभर वर्षांच्या पानाशेजारी तो उपरा दिसत नाही.

आणि दोन शत्रू. चिकटपट्टी आणि पांढरा गोंद. फाटलं की माणूस प्रेमानं चिकटपट्टी लावतो. दहा वर्षांनी ती वाळून निघते, तिचा गोंद पानात उतरतो आणि पिवळा पट्टा कायमचा राहतो. ज्याच्यावर जास्त प्रेम ते पुस्तक जास्त चिकटलेलं, हा माझा अनुभव. पोथ्यांचंही तेच, कुराणांचंही तेच.

जुजं सोडवायच्या आधी पानं झटकायची नाहीत, एकेक उलटायची. बायबलाच्या पोटात काय काय असतं! झावळ्यांच्या रविवारी मिळालेला ताडाच्या पात्याचा क्रूस, वाळून कडक झालेला. बाळाचे जावळाचे केस कागदाच्या पुडीत. मोराचं पीस. पोस्टकार्डं. एसटीची तिकिटं. रुग्णालयाच्या ॲडमिशनची पावती मला ईयोबाच्या पुस्तकात मिळाली होती आणि तिथं ती खुणेसाठी ठेवली होती की मुद्दाम, देव जाणे. प्रत्येक वस्तू मी वेगळ्या लिफाफ्यात घालतो, वर पान क्रमांक लिहितो आणि काम झालं की तिथल्या तिथं परत ठेवतो. एकदा पाचशेच्या चार नोटा निघाल्या, नोटाबंदीनंतर. त्याही तिथंच ठेवल्या. गिऱ्हाईक म्हणालं, "आईला ठाऊक असतं तर!" मला वाटतं आईला ठाऊकच होतं. तिनं ते पैसे कुणालातरी द्यायला काढून ठेवले होते.

आता सिस्टरांचं सांगतो.

घाटीतून निवृत्त झालेल्या नर्स. घाटी म्हणजे आमचं सरकारी रुग्णालय, बाहेरच्यांसाठी सांगितलं. २०११ च्या नोव्हेंबरात त्या स्वतः बायबल घेऊन आल्या. सरळ उभ्या राहायच्या, प्रश्न मोजके. "उकलल्यावर पानं मागंपुढं होतील का?" "दोरा कसला वापरता?" मी दोरा दाखवला. त्यांनी तो ताणून बघितला, टाक्याचा दोरा बघावा तसा, आणि मान डोलावली.

त्यांच्या बायबलात जुना करार मलाखीपाशी संपतो आणि मत्तय सुरू व्हायच्या आधी एक कोरं पान आहे. त्या पानावर घर होतं. जन्म, बाप्तिस्मे, लग्नं, मृत्यू. मी अशी पानं पुष्कळ बघितली आहेत, पण ह्या पानापाशी माझं काम थांबलं. सगळ्यात वरच्या तीन ओळी मोडीत. सिस्टरांच्या आजोबांच्या हातच्या, काळी शाई, बोरूची. तारीख इसवीत नाही, '१३४६ फसली'. निजामाच्या राज्यात कचेरीचं साल तेच चालायचं. त्यात पाचशे नव्वद मिळवले की १९३६ निघतं. ठिकाणाशेजारी 'इलाखा निजाम'. त्याखाली अक्षर बदलतं, बाळबोध होतं, शाई निळी होते. हे सिस्टरांचे वडील. १९५७ च्या नोंदीत 'मुंबई राज्य'. १९६२ च्या नोंदीत 'महाराष्ट्र'. पुढं सिस्टरांचं अक्षर, चार्टवर औषधं लिहावीत तसं सुटं, आणि शेवटच्या दोन नोंदी इंग्रजीत, मुलाच्या हातच्या, बॉलपेननं. गावातलं घर कुणीच बदललं नव्हतं. लिपी तीन झाल्या होत्या आणि राज्यं तीन.

मधे एक ओळ होती जिच्यात राज्याची जागा मोकळी होती. सप्टेंबर १९४८, मुलीचा जन्म. पोलीस ॲक्शनचा महिना. तेरा तारखेला फौजा शिरल्या आणि सतराला निजामानं शरणागती दिली, हे आमच्याकडे पोरासोरांना पाठ असतं. वडिलांनी मुलीचं नाव लिहिलं, तारीख लिहिली, आणि ठिकाण नुसतं 'छावणी'. पुढं काही नाही.

"ती मी," सिस्टर म्हणाल्या. "अण्णा म्हणायचे, त्या आठवड्यात काय लिहावं ते कळेना, म्हणून नाही लिहिलं."

पेन्शनच्या वेळी जन्मतारखेसाठी त्या पानाची झेरॉक्स त्यांनी एका कचेरीत दिली होती, तिथल्या कारकुनानं ती बाजूला सारली. चालायचंच. अमेरिकेत एके काळी उलटं होतं, हे मास्तरांनी मला सांगितलेलं. तिथल्या स्वातंत्र्ययुद्धात लढलेल्या शिपायांच्या विधवांना पेन्शन मिळवायला लग्नाचा पुरावा लागे, तेव्हा कित्येकींनी घरच्या बायबलातलं नोंदींचं पानच फाडून अर्जाला जोडलं. ती पानं आजही वॉशिंग्टनच्या सरकारी दप्तरखान्यात आहेत. मला ऐकून त्या बायकांच्या पुस्तकांचंच वाईट वाटलं होतं. आपल्याकडे त्र्यंबकेश्वराला जा, तीर्थोपाध्याय वही काढून पणजोबाची सही दाखवतो. पण ती वही त्याच्या घरची. इथं वही आपल्याच उशाशी.

सिस्टरांचं बायबल मी शिवलं, काळं कापड चढवलं, आणि ते बारा वर्षं टिकलं. मग २०२३ च्या पावसाळ्यात एका सकाळी मी शटर वर करतोय तोच त्यांचा मुलगा मोटारसायकलवरून आला. हेल्मेट काढलं नाही. "आई रात्री गेली," म्हणाला. "चार वाजता दफन आहे."

काय काम आहे ते मला समजेना. त्यानं डिकीतून दोन पुस्तकं काढली. एक ते काळं. दुसरं नवं कोरं, चेनच्या कव्हरचं, प्लास्टिकही काढलेलं नव्हतं. आईनं सांगून ठेवलं होतं, माझं बायबल माझ्याबरोबर पेटीत द्या. बहिणी म्हणत होत्या, नको, आठवण राहू दे. रात्रभर त्यावरून झालं होतं. पहाटे कुणीतरी तोड काढली, की बायबल आईबरोबर जाऊ दे, तेवढं नोंदींचं पान काढून नव्या बायबलात लावून घ्यावं.

"फाडणार होतो," तो म्हणाला, "मग म्हटलं तुमच्याकडे यावं."

बरं झालं आला. शिवलेल्या पुस्तकात पान एकटं नसतं. कागद एक, घडी मधे, अर्धा इकडे अर्धा तिकडे. एक पान ओढलं की जुजाच्या दुसऱ्या अंगाला त्याचा जोडीदार सुटतो. त्या कोऱ्या पानाचा जोडीदार मत्तयाच्या पहिल्या पानांतला होता. म्हणजे पान ओढून काढलं असतं तर सिस्टरांबरोबर जाणाऱ्या पुस्तकातला मत्तय लोंबकळला असता. पान घडीपासून बोटभर आत कापायचं, आतली पट्टी शिवणीत राहू द्यायची, म्हणजे मत्तय जागचा हलत नाही. मी पट्टी आणि ब्लेड काढलं.

तो म्हणाला, "थांबा. आधी लिहायला पाहिजे ना?"

आईच्या नावापुढं मृत्यूची तारीख नव्हती. मी बॉलपेन दिलं. त्यानं हेल्मेट आता काढलं, काउंटरवर ओणवा झाला, क्रूसाची खूण केली आणि तारीख लिहिली. अक्षर हलत होतं. मग पेन अधांतरी धरून माझ्याकडे बघितलं.

"औरंगाबाद लिहू का संभाजीनगर?"

त्याच वर्षी शहराचं नाव बदललेलं. दुकानाच्या पाट्या, लेटरहेडं, थिसिसांची मुखपृष्ठं, सगळ्यांचं काम माझ्याकडं चाललेलं होतं. कुठं काय लिहायचं हे मी दिवसातून दहादा सांगत होतो. त्याला काही सांगता आलं नाही. तो पान बघत राहिला. मग त्याचं बोट वर गेलं, आजोबांच्या निळ्या ओळीवर थांबलं, आणि त्यानं लिहिलं, 'छावणी'.

पान कापलं. काळं पुस्तक मिटून, पुसून, त्याच्या हातात दिलं. ते घेऊन तो गेला. नवं बायबल माझ्याकडे राहिलं, त्याची घाई नव्हती.

त्याचं काम हाती घेतलं तेव्हा नवीच अडचण. जुनं पुस्तक मोठं, नवं आटोपशीर. सिस्टरांचं पान नव्या बायबलाच्या तिन्ही बाजूंनी बाहेर यायला लागलं. दुकानातल्या पोरानं माप घेतलं आणि म्हणाला, "मामा, चारी बाजूला कोराच समास आहे, पाऊण इंच मारू का? बसतंय." खरंच कोरा होता. अक्षर एक कापलं गेलं नसतं. मी त्याला चिठ्ठी दाखवली. घड्या घातल्या, एक आडवी, एक उभी, शाईवर घडी येणार नाही अशा बेतानं. मोडलेल्या जागी मागून टिश्यू दिला, कागजीपुऱ्याच्या कागदाची पट्टी लावली आणि मलाखी-मत्तयाच्या मधे ते टाचलं. पुस्तक तिथं जरा फुगलं. चेन कशीबशी लागत होती. दिसायला काही खास झालं नाही, उस्तादांनी परत उसवायला लावलं असतं.

गेल्या नोव्हेंबरात ते बायबल परत आलं. मुलाची बायको घेऊन आली होती. चेन तुटली होती. फुगलेल्या पुस्तकावर रोज ओढून ओढून दुसरं काय होणार. सवयीनं मी ते पाठीवर उभं धरलं आणि हात सोडले. पहिल्याच खेपेला सिस्टरांच्या पानावर उघडलं. त्यात विशेष काही नाही, मधे जाड पान घातलं की कुठलंही पुस्तक तिथंच उघडतं. घड्या उलगडल्या. खाली एक नवी ओळ आली होती, मुलीचा जन्म, जांभळ्या जेल पेननं, ठिकाण पुणे. पानावर आता तीन-चार ओळींचीच जागा राहिली होती.

चेनचं काम माझ्याकडे होत नाही. मी तिला शेजारच्या बॅगवाल्याकडे पाठवलं.